इत्रियामातेच्या विहिरीचा नवा झरा

रविवारची प्रार्थना आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात सरपंच गोनारिओने दारावर नोटीस डकवली. इत्रियामातेची विहीर पुढच्या सोमवारपासून बंद. म्हणजे उत्सवाच्या बरोबर आदल्या दिवशी वर लोखंडी झाकण बसणार. कारण असं दिलेलं की दर शनिवारी बायका तिथे वेदीची वस्त्रं धुतात, त्यांचा मळ पाण्यात उतरतो आणि त्यातूनच गावातली तीन लेकरं आजारी पडली.

त्या तिघांत माझा नातू होता, सात महिन्यांचा. सहा दिवस तो जिल्ह्याच्या रुग्णालयात हातात सुई टोचून घेऊन पडला होता. त्याचं दूध माझी लेक आन्निका विहिरीच्या पाण्यात कालवायची, कारण मीच तिला सांगितलं होतं, मातेच्या पाण्यासारखं औषध नाही म्हणून.

विहिरीची किल्ली चाळीस वर्षं त्सिया मिंतोनियाच्या कमरेला आहे. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला त्सिया म्हणतात, पुरुषाला त्सियू. तिच्याकडे चष्मा नव्हता, म्हणून नोटीस मी वाचून दाखवली. तिने किल्ली मुठीत धरली. मग म्हणाली, "बाइंझू, म्हणजे पोरांना मी आजारी पाडलं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वस्त्रं धुतात ती विहिरीबाहेर, उतारावरच्या खालच्या कुंडात, जिथून पाणी बाहेर जातं. तिथलं पाणी उलटं उतार चढून विहिरीत जाईल कसं? हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सरपंचाला सोयीचं तेवढंच कळतं.

लुसोरिया तेव्हा माझ्या शेजारी उभी होती. ही आमच्याच गावची, सुताराची मुलगी, खालच्या शहरात शाळेत रसायन शिकवते. चार महिन्यांपूर्वी तिने विहिरीच्या कठड्याला एक पेटी बांधली होती. आत माशांच्या टाकीला लावतात तसला पंप, केसासारख्या बारीक नळ्या, एक दिवा आणि उजेड मोजणारा डोळा. पेटी दर तासाला चमचाभर पाणी ओढून घेते, त्यात औषधाचे थेंब सोडते. पाण्यात घाणीचा अमोनिया असला की ते हिरवं होतं, जितका जास्त तितकं गडद. आकडा आपोआप तिच्या फोनवर. सगळं मिळून शंभर युरोच्या आत बसवलेलं. गोनारिओ तिला म्हणाला होता, "पोरी, कॉफीचं यंत्र केलं असतंस तर निदान कुणी प्यायलं तरी असतं." लोक हसले होते. खोटं कशाला सांगू, मीही हसलो होतो.

सरकारी तपासणीवाला वर्षातून एकदा येतो. सोमवारी येतो, बाटली भरतो, सरपंचाकडे जेवतो आणि जातो. त्याच्या कागदावर पाणी दरवर्षी निर्मळ.

त्या दुपारी लुसोरियाने आमच्या ओट्यावर बसून चार महिन्यांचे आकडे दाखवले. शनिवारी काही नाही, पाणी स्वच्छ. पण दर मंगळवारी आणि दर शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला आकडा उडी मारायचा आणि संध्याकाळपर्यंत उतरायचा. एकही आठवडा चुकला नव्हता.

मंगळवार आणि शुक्रवार. वरच्या माळावर सरपंचाच्या मेव्हण्याचा डुकरांचा गोठा आहे, चारशे डुकरांचा, आणि तो धुतात मंगळवारी आणि शुक्रवारी. साऱ्या गावाला माहीत आहे, कारण त्या दिवशी वारा खाली असला तर खिडक्या लावाव्या लागतात.

"पण माळ अर्धा मैल लांब," मी म्हणालो. "मध्ये सगळा कातळ आहे. पाणी येतंय कुठून?"

"तेच बघायला मंगळवारी, गोठा धुतील तेव्हा, तुम्ही माझ्याबरोबर खाली चला, त्सियू," ती म्हणाली.

मंगळवारी दहाच्या सुमाराला त्सिया मिंतोनियाने दार उघडलं आणि आम्ही तिघं विहिरीत उतरलो. चोवीस पायऱ्या, काळ्या दगडाच्या, एकीवर एक अशा घट्ट बसवलेल्या की मध्ये चाकूचं पातं जाणार नाही. या विहिरीचं मूळ बांधकाम तीन हजार वर्षांपूर्वीचं, बुरूज बांधणाऱ्या लोकांचं. त्यांची देवी कोण होती ते कुणाला ठाऊक नाही. मग रोमन आले, त्यांनी तीच विहीर धरून शेजारी न्हाणीघर उठवलं आणि आपल्या जलदेवीचा दगड बसवला. त्या दगडावर आता आमची माता उभी आहे. मला यात कधी खटकलं नाही. पाणी तेच, हात जोडणारे बदलले.

तळाशी, उजव्या भिंतीत, नवा झरा आहे. लुसोरियाने कठड्यावरून सोडून आणलेल्या पेटीची नळी त्याच्या तोंडाशी धरली. पेटीतलं पाणी बाटलीच्या काचेसारखं गडद हिरवं झालं. मग विहिरीच्या जुन्या झऱ्याला धरली. पाणी होतं तसंच राहिलं.

मी पायरीवर बसलो. 

तो झरा मी उघडला होता.

सात वर्षांपूर्वी दुष्काळात विहीर तळाला गेली. आमच्या भजनी बंधुमंडळाने नवस केला आणि अनवाणी उतरून गाळ उपसायला घेतला, चार दिवस, मातेचं आख्यान गात गात. भिंतीत एक तोंड सापडलं, चिकणमाती आणि दगड ठोकून ठोकून बुजवलेलं. मी म्हणालो, मातेची शीर कुणा पाप्याने बांधली आहे, सोडा. पहार मीच मारली. पाणी असं धो धो आलं की म्हातारे रडले. घंटा वाजली. आख्यानात मी त्यावर नवं कडवं रचलं आणि सात वर्षं मीच ते गातो आहे. त्याच वर्षी वरच्या माळावरची दलदल आटली, तीही आम्ही कृपेतच धरली. त्याच सुक्या जागेवर पुढे गोठा उभा राहिला.

"त्सियू, ही शीर नाही," लुसोरिया हळू म्हणाली. तिने आत बॅटरी धरली. दोन्ही बाजूंना चपट्या लाल विटा. "हा रोमनांचा पाट. न्हाणीघराला विहीर पुरेना, म्हणून त्यांनी वरच्या माळावरचं पाणी कातळातून इथे आणलं. पुढे कुणीतरी ते खराब झालेलं पाहिलं आणि बुजवलं."

विटा मी तेव्हाही पाहिल्या होत्या. चार दिवस पाहत होतो. पण गात होतो ना!

गुरुवारी ग्रामसभेत लुसोरियाने आकडे मांडले. गोनारिओने ते पुरते पाहिलेसुद्धा नाहीत. म्हणाला, खेळण्याच्या जोरावर तो आपल्या घरच्या माणसाचा धंदा बंद करणार नाही. आणि त्सिया मिंतोनियाकडे वळून, सगळ्यांसमोर, "त्सिया, तुमचं वय झालं. किल्ली द्या आता, आणि घरी बसून जपमाळ ओढा."

तेव्हा मी उठलो. माझा आवाज चर्चमध्ये पाच गावांना पुरतो.

"तिच्या किल्लीला हात लावू नकोस, गोनारिओ. विहिरीत घाण आणली मी. पहार माझी होती. माझ्या नातवाच्या पोटात मी तुझ्या मेव्हण्याची डुकरं ओतली, आणि वर त्याचं कडवं करून तुम्हाला सात वर्षं गायला लावलं. हे मी चर्चमध्येही सांगेन. आता तू सांग, गोठ्याखाली काय होतं ते तुला माहीत होतं की नाही?"

तो म्हणाला, ती दलदलीची जागा होती, एवढंच. म्हणजे गोठ्याखाली पाणी होतं हे त्याच्याच तोंडून निघालं. आणि सभेने ते ऐकलं होतं.

ठराव काही झाला नाही. झाकणाची नोटीसही मागे घेतली नाही. लुसोरिया म्हणाली, पाट बुजवायच्या परवानगीसाठी पुरातत्त्व खात्याला अर्ज करू. मी विचारलं, उत्तर कधी येईल? ती म्हणाली, शरद ऋतूत कदाचित.

शनिवारी उजाडता उजाडता मी आणि मंडळातले पाच जण चिकणमातीच्या बादल्या घेऊन खाली उतरलो. दार त्सिया मिंतोनियाने उघडलं. आम्ही दगड बसवले, माती ठोकली, पुन्हा दगड, पुन्हा माती. कुणी गायलं नाही. कुणाला सुचलंही नाही. दुपारी पोलीस आला, आमचाच भाचा, आणि ओशाळून म्हणाला की प्राचीन वास्तूशी छेडछाड केल्याची तक्रार सरपंचाने दिली आहे. नाव काय लिहू? मी म्हणालो, माझं लिही, एकट्याचं, आणि सात वर्षांपूर्वीची तारीखही घाल.

विहिरीचं पाणी दीड हात उतरलं. सोमवारी झाकणवाले आले. त्सिया मिंतोनिया खुर्ची घेऊन सर्वांत वरच्या पायरीवर बसली, तिच्याभोवती शनिवारवाल्या अकरा बायका. झाकण ट्रकमध्येच राहिलं.

मंगळवारी उत्सव. मिरवणूक माळाच्या रस्त्याने वळते. सकाळी गोठा नेहमीप्रमाणे धुतला गेला होता. पण पाणी आता खाली जायला वाट नव्हती. ते आपल्या जुन्या दलदलीत वर आलं, गोठ्याच्या अंगणात, कुंपणाखालून रस्त्यावर, घोट्याएवढं, पिवळट. पाद्रीबाबा थांबले. मातेची मूर्ती खांद्यावर घेतलेले सहा जण थांबले. सगळ्यात पुढे खांद्यावरून सरपंचपदाचा तिरंगी पट्टा घालून गोनारिओ होता, नवे बूट घालून.

 लुसोरियाने खिशातून बाटली काढली, वाकली आणि त्या पाण्याने भरली.

माझा राग अजून उतरलेला नाही. गोठ्यावर, सोमवारी येणाऱ्या बाटलीवर आणि सर्वांत जास्त माझ्या गळ्यावर. मागून कुणीतरी म्हणालं, त्सियू बाइंझू, पुढचं कडवं धरा. मी म्हणालो, आधी याला चालत पलीकडे जाऊ दे. आणि गोनारिओ त्या पाण्यात उतरेपर्यंत आम्ही सगळे, मातेसकट, उभे राहिलो.