शेवटच्या टोकाचं व्होल्टेज

“तयार माल आहे, स्नेहल. दोन महिन्यांत ट्रान्सफॉर्मर कळवणला उभा राहील,” अबरारने कॅटलॉग तिच्यापुढे सरकवला. “काम तुझ्याच गावाकडचं. अडवतेस कशाला?”

गंगापूर रोडवरच्या त्या सल्लागार कचेरीत खरेदीचं अबरार बघायचा, आणि कुठल्या ट्रान्सफॉर्मरला कसला टॅप चेंजर हवा, ते स्नेहल ठरवायची. व्होल्टेज पडलं की वीज न तोडता वेटोळ्यांचे फेरे कमीजास्त करून ते सावरायचं, एवढंच त्या यंत्राचं काम.

“यातला टॅप चेंजर दहा टक्क्यांपर्यंतच सावरतो,” ती म्हणाली. “कांद्याला पाणी द्यायची वेळ झाली, सगळे पंप एकदम लागले, की तिथे पंधरा टक्के पडतं. मी स्वतः मोजून आलेय.”

“मग नंतर बदलू.”

“नाही बदलता येत. आतलं वाइंडिंगच त्याच्या मापाने गुंडाळतात. एकदा बसला की ट्रान्सफॉर्मर मोडीत निघेपर्यंत तोच.”

“तुला हवा तो यायला दिवाळी उजाडेल. तोवर तुझ्या भावाची गिरणी?”

स्नेहलचा धाकटा भाऊ लखन गावात पिठाची गिरणी चालवायचा. कमी व्होल्टेजमुळे मोटर एकदा जळली होती. देवळ्याहून नवं वाइंडिंग भरून आणली होती. अबरार टोचून बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. तरी तिने मोठ्या पल्ल्याचाच टॅप चेंजर लिहिला आणि सही केली.

उन्हाळ्यात लखनचा फोन आला.

“ताई, कधी येतोय ट्रान्सफार्मर? मोटर लय तापती.”

“दिवाळीनंतर. तोवर संध्याकाळी गिरणी बंद ठेव.”

“बाया संध्याकाळीच येत्यात दळाया. दिवसा समद्या रानात.”



पावसाळ्याच्या तोंडाशी मोटर पुन्हा जळली. लखनने ती भरली नाही. गिरणी वरच्या आळीतल्या वत्सलाबाईंना विकली आणि कांद्याच्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून लागला.

दिवाळी झाली. ट्रान्सफॉर्मर उभा राहिला. चालू करायच्या दिवशी स्नेहल उपकेंद्रावर होती. संध्याकाळी पंप लागले, तसा टॅप चेंजर एकेक पायरी चढत गेला. व्होल्टमीटरचा काटा जागचा हलला नाही. अभियंत्यांनी तिचं अभिनंदन केलं. ती तिथून गावी गेली.

लखन ओट्यावर बसला होता.

“दिवा आता झ्याक लागतो,” तो म्हणाला. “दुसरा ट्रान्सफार्मर लवकर मिळत व्हता म्हनं. लाइनमन सांगत व्हता. खरं हाय?”

“खरं आहे.”

“मंग?”

“तो पुरला नसता, लखन. आत्ता या वेळेला तर नाहीच.”

लखनने वरच्या दिव्याकडे पाहिलं. “माझ्यापुरता पुरला असता का?”

“थोडे दिवस. कदाचित.”

त्याने मान हलवली. घरात जाऊन नागलीचा डबा घेऊन आला, चपला पायात सरकवल्या. “बस तू. दळून आनतो.”

स्नेहलही त्याच्या मागे निघाली. वत्सलाबाईंची गिरणी जोरात चालू होती. दारात बायांची रांग लागली होती. लखनला पाहून सगळ्या जरा बाजूला सरल्या.

“लखनभाऊ, पुढं घ्या ना,” एक जण म्हणाली.

“नंबरानंच बरं,” लखन म्हणाला, आणि डबा रांगेच्या शेवटी ठेवून उभा राहिला.