शेरणी विसरत नाही

मित्रांनो, पुणतांब्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर उभी असलेली मी एक जुनी शेरणी आहे. शेरणी म्हणजे नदीच्या खडकात आणि वाळूत वाढणारे झुडूप. माझी पाने लांबट, फांद्या वेतासारख्या लवचिक. पूर आला की मी आडवी होते, ओसरला की उठते. माझ्या मुळांनी काठाची माती घट्ट धरलेली असते. पूर्वी इथे आमची दाट रांग होती. आज जुन्यांपैकी मी एकटीच उरले आहे. हे कुणी केले ते मला ठाऊक आहे.

त्याचे नाव वैजनाथ. काठावरचे शेत त्याचेच. लहानपणी म्हशी पाण्यावर आणताना तो पुरात ओढला गेला होता. वाहत येऊन माझ्यावर आदळला आणि त्याने माझ्या फांद्या धरल्या. माणसे दोर घेऊन येईपर्यंत मी त्याला सोडले नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई साळूबाई मला हळदकुंकू वाहून गेली. पुढे दरवर्षी ती येत राहिली. या घराशी आपले नाते जुळले, असे मला वाटले.

वैजनाथ मोठा झाला. अगदी पाण्यापर्यंत ऊस लावायचे त्याच्या मनात आले आणि एका उन्हाळ्यात तो जेसीबी घेऊन आला. साळूबाई आडवी आली.

"वैजू, हिनंच तुला धरलं हुतं. हिला तरी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

"आई, नुसता झाडोरा हाय तो. जागा अडवून बसलाय," वैजनाथ म्हणाला आणि त्याने चालकाला हात केला.

माझ्या बहिणी मुळासकट निघाल्या. त्यांचा ढीग करून त्याने पेटवला. माझे फक्त एक मूळ खडकाच्या भेगेत राहिले. त्या धुरात मी मनाशी ठरवले, याचा सूड मी घेईन. झुडपाला धावून जाता येत नाही, पण वाट पाहता येते.

ऊस जोमाने वाढला. आमच्या जागेवर डुलणारा तो ऊस मी रोज पाहत होते. मग एका श्रावणात वरच्या धरणांचे पाणी सुटले. पाण्याची मोटार वर ओढायला वैजनाथ धावत आला आणि त्याच्या पायाखालचा काठच उसासकट ढासळला. पडता पडता त्याने हात पुढे केला. धरायला तिथे काहीही नव्हते. खाली वाळूच्या बेटावर तो सापडला, जिवंत, पण मांडीचे हाड मोडलेला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला.

त्यानंतरच्या प्रत्येक पुरात शेत आणखी तुटत गेले आणि नदी त्याच्या घराकडे सरकू लागली. तेव्हा निकिता आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि काठांवरून हरवत चाललेली शेरणी पुन्हा लावत फिरते. खडकाच्या भेगेत फुटलेली मी तिला सापडले. माझ्या फांद्यांचे तुकडे तिने ओल्या वाळूत रुजवले. ती रोपे म्हणजे मीच. त्यांच्यासाठी तिने वैजनाथकडे काठ मागितला. उसाच्या मधूनमधून लावा, असे तो म्हणू लागला. उसाच्या सावलीत शेरणी जगणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. तरी तो ऊस काढायला तयार होईना.

शेवटी साळूबाई बोलली. "जिथनं उपटलीस, तिथंच लाव. तुझ्या हातानं."

लंगडत लंगडत वैजनाथने काठावरचा आपलाच उभा ऊस कोयत्याने तोडला. प्रत्येक घाव मी कान देऊन ऐकला. मग चिखलात गुडघे टेकून तो एकेक रोप लावू लागला. त्याच्या हातातच वाळून जावे, असे माझ्या मनात आले होते. पण मेलेल्याला सूड घेता येत नाही. म्हणून मी रुजले आणि झपाट्याने वाढले.

मित्रांनो, नदीकाठची झुडपे उपटू नका. उपटली असतील तर पुन्हा लावा. हे मी मायेने सांगत नाही, बजावून सांगते.

यंदा मी त्याच्या बांधाच्या आत एक धुमारा सोडला. वैजनाथने तो पाहिला, कोयता उचलला. थोडा वेळ नदीकडे पाहत उभा राहिला आणि कोयता खाली ठेवून निघून गेला.

पुढच्या वर्षी मी आणखी आत जाणार आहे.