सहाची की आठची

सत्यशीलानं कपाटाचं दार अर्धं उघडलं, त्यामागं स्टूल ठेवलं आणि वडिलांना त्यावर बसवलं. मग लॅपटॉपचा कॅमेरा लावून पाहिला. कपाट दिसत होतं, त्रिंबक दिसत नव्हता. पटक्याचं टोक तेवढं दिसत होतं, ते तिनं दाराआड खोचलं.

"बापू, फटीतून दिसतंय ना? सहाची असली तर जिभेनं टक् करायचं. आठची असली तर?"

"हुर्र."

"हळू."

"हुर्र हळू नसतंय, पोरी. हळू केलं तर मेंढरू माघारी फिरतंय."

अकराला चार मिनिटं होती. तिनं तळहात ओढणीला पुसले. ते पुन्हा ओले झाले.

काम साधं होतं. कॉम्प्युटरला वाफेची इंजिनं ओळखायला शिकवायची. त्याआधी ती माणसाला ओळखू यावी लागत, एवढीच अडचण होती. एका लांबलचक बॉयलरखाली दोन चाकसंच, म्हणून वळणावर मधोमध वाकणारी ही धुडं. एका जातीच्या प्रत्येक संचात सहा मोठी चाकं, दुसरीच्या संचात आठ. बाकी दोघी सख्ख्या बहिणी. चाकं मोजली की झालं, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. फोटोत मात्र चाकांपुढं गवत असायचं, वाफ असायची, नाहीतर पोट सुटलेला एखादा परदेशी गृहस्थ. सत्यशीलाची अचूकता एकसष्ट टक्के होती. नाणं उडवून पन्नास आली असती. म्हणजे एमएस्सीचा फायदा अकरा टक्के.

मग एका दुपारी मागं चहा पीत बसलेला त्रिंबक म्हणाला, "ही कालचीच की."

चाळीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस. त्यानं एकही चाक मोजलं नाही. खांदा बघायचा, मान बघायची, "ही त्या कळपातली" म्हणायचा. एकीच्या कपाळावरचा दिवा वाकडा होता, तिचं नाव त्यानं बांडी ठेवलं. आठवड्यात अचूकता नव्व्याण्णव झाली आणि कंपनीला संशय आला. एवढं बरोबर माणसाचं येत नाही, ही मुलगी मशीन वापरते. म्हणून आज परीक्षा. दहा फोटो, प्रत्येकाला तीस सेकंद, कुणाची मदत नाही, नऊ बरोबर हवेत. नाहीतर खातं बंद.

खातं बंद म्हणजे मुकुंदवाडीतली ही खोली बंद, आणि गंगापूरकडं परत. तिकडं आता मेंढरं नव्हती. तिकडं त्रिंबक बांधावर बसून राहायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही.

स्क्रीनवर सोनिया मॅडम आल्या. तपासणारं माणूस जसं दिसावं तशाच होत्या.

पहिला फोटो. टक्. सहा. बरोबर.

दुसरा. वाकडा दिवा. "हुर्र." आठ. बरोबर.

तिसरा. टक्. बरोबर.

चौथ्याला मॅडमनी भुवई उचलली. "एक मिनिट. ये आवाज कसला येतोय?"

"शेजारी मेंढरं आहेत मॅडम."

"तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता ना?"

"व्हय मॅडम. लिफ्ट नाही, म्हणून उतरत नाहीत."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. तेवढ्यात चौथ्याची वेळ संपली. चूक धरली गेली.

आता एकही चुकून चालणार नव्हतं. पाचवा, सहावा, सातवा. कपाटामागून आवाज येत राहिले, तिचं बोट चालत राहिलं. आठवा. नववा. ओढणी पार भिजली होती.

दहावा फोटो उघडला. भंगाराचं आवार. इंजिन मधोमध कापलेलं, मागचा भाग नाहीच. चाकं काढून घेतलेली. पुढचं तोंड मातीवर टेकलेलं, आणि त्यावर गंजलेला वाकडा दिवा.

कपाटामागून काही आलं नाही.

ती खोकली. पंधरा सेकंद राहिले. पुन्हा खोकली.

"नाय वळखू येत," त्रिंबक पुटपुटला.

हे वाक्य तिनं एकदा ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी, बाजारात, ट्रकच्या फाळक्यापाशी. वर चढवलेली मेंढरं माना काढून त्याच्याकडं बघत ओरडत होती. खाटकानं विचारलं होतं, तात्या, यातली तुमची कोणती? तेव्हाही तो हेच म्हणाला होता. मग येष्टीत तिच्याशेजारी बसला आणि गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

सात सेकंद. सत्यशीलानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं वाकड्या दिव्याकडं पाहिलं, मग खांद्याकडं, मग मानेकडं.

आठ दाबलं.

"बरोबर," सोनिया मॅडम म्हणाल्या. "नऊ झाले. अकाउंट चालू राहील. सोमवारपासून याच गाड्यांचे दोन हजार फोटो येतील."

"थँक्यू मॅडम."

कॉल बंद करायला मॅडमचा हात पुढं आला आणि थांबला. त्यांनी कान दिला.

"आणि वो मेंढ्या? एकदम गप्प झाल्या."

कपाटाचं दार मागून हळूच ओढून घेतलं गेलं. बिजागरी कुरकुरली.

"विकल्या," सत्यशीला म्हणाली.