मैदानावर दहाच जण

मित्रांनो, मी एक जुना फिल्म प्रोजेक्टर आहे. जन्म शिकागोच्या कारखान्यातला, आवाज पिठाच्या गिरणीचा. माझ्या अंगावर एक कळ आहे. ती मागे ओढली की फिल्म उलटी चालते: पडलेला माणूस उभा राहतो, निसटलेला बॉल हातात परत येतो. या कळीमुळेच मला माणसं कळली.

माझी उमेदीची वर्षं एका बड्या विद्यापीठात गेली. तिथले फुटबॉल कोच डनिंग दर सोमवारी शनिवारच्या सामन्याची फिल्म दाखवत. हा बॉल घेऊन पळायचा, अंगावर धडकायचा अमेरिकन फुटबॉल. कोणी चुकला की कळ मागे, चूक पुन्हा, परत कळ मागे. तो पोरगा खुर्चीत विरघळत जाई, पण उठून कोणी जात नसे. खेळतो म्हणून प्रत्येकाची फी विद्यापीठ भरत होतं. फुकटच्या जेवणाबरोबर शिव्याही पचतात.

१९८३ साली संघ एक मोठा सामना हरला आणि कोचना काढलं. त्याच सुमारास व्हिडिओ आला, म्हणून मलाही काढलं. कोचनी मला गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून वर पट्टाही लावला. नोकरी गेली की मोठा माणूस असा हळवा होतो.

पुढे ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात त्यांना काम मिळालं. मैदानापलीकडे लगेच मक्याचं शेत. माझा मुक्काम फिजिक्सच्या वर्गात, कारण पडदा तिथेच होता. दिवसा प्राध्यापक मृणालिनीबाई माझी कळ ओढून फुटलेला ग्लास परत जुळताना दाखवत. मुलं हसत, शंका विचारत. संध्याकाळी कोच तीच कळ ओढत आणि मुलं माना खाली घालत.

इथे खेळासाठी फी माफ नव्हती. पोरं हौसेने खेळत. हे काही कोचच्या ध्यानात आलं नाही. ज्याची चूक दाखवली तो पुढच्या सोमवारी येईना, त्याचे मित्रही येईनात. ऑक्टोबरात कॉलेजच्या प्रेसिडेंटनी सांगून टाकलं, आणखी दोघे गेले तर संघ बंद. म्हणजे कोचची ही नोकरीही जाणार.

त्या संध्याकाळी कोच एकटेच तो हरलेला सामना पाहत बसले होते. मृणालिनीबाई विसरलेली पर्स न्यायला आल्या. बरोबर त्यांचे यजमान, डॉक्टर जगन्नाथ. फुटबॉलचे भक्त, त्यांचा पाय दारातून निघेना.

"अगं, हीच ती गेम. ह्याच प्लेवरून यांना फायर केलं. तो बावळट मुलगा जागेवर नव्हता ना."

"अहो, यात क्रिकेटसारखे अकराच ना?"

"अकराच."

"मग हे दहा कसे?"

"काहीतरीच. तुला बॉल कुठे आहे ते दिसत नाही आणि..." डॉक्टरांनी मोजलं, मग बोट लावून पुन्हा मोजलं. त्यांना तशी सवय नव्हती.

"काय म्हणतात बाई?" मराठी न कळून कोचनी विचारलं.

"काही नाही, कोच. उशीर झाला म्हणते."

"मी असं म्हटलेलं नाही," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "तुमचा अकरावा खेळाडू कुठे आहे?"

मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण? कोचनी कळ मागे ओढली आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मैदानाबाहेर एक टोपीवाला एका खेळाडूच्या हेल्मेटची जाळी धरून उभा होता. त्याच्या पाठीमागे खेळ सुरू झाला होता.

"हा खेळाडू काय करतोय?" बाईंनी विचारलं.

"आधीच्या चुकीबद्दल माझ्या शिव्या खातोय," कोच म्हणाले. "पेपरवाल्यांना मी सांगितलं, पोरगा जागेवर नव्हता. खोटं नव्हतं ते."

सोमवारी कोचनी निरोप धाडला: आज माझी चूक दाखवणार आहे. सोडून गेलेलेही आले. साहेबाची चूक पाहायची कोण चुकवेल?

"कोच, परत दाखवा ना," मागून एक जण म्हणाला.

कोचनी कळ ओढली. हशा पिकला. मग दुसऱ्याने विचारलं, "पण तो आत असता, तर उभा कुठे राहिला असता?"

कोच खडू घेऊन फळ्याकडे गेले. त्या दिवशी शंका संपेचनात. ग्लासवाल्या वर्गात असायच्या तशाच. संघ टिकला. जिंकला किती, ते मात्र विचारू नका.

आता मी कपाटात असतो. अधूनमधून माझ्या भिंगावरची धूळ पुसा, तेलाचे दोन थेंब सोडा. कळ ओढायलाही हरकत नाही, मित्रांनो. फक्त ओढण्याआधी पडद्यावरची माणसं मोजा. एखादा कमी भरला, तर तो बाहेर कुणाच्या तरी शिव्या खात उभा असेल. त्याला आधी आत पाठवा.