गिरिजाचं पहिलं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत अहमदपूरच्या सिद्रामप्पा आडत्याच्या घरात कुणी मोडली नव्हती. मग लेक नवऱ्याबरोबर इंग्लंडात, लीस्टरला राहते म्हणून काय झालं? सातव्या महिन्यात तिला विमानात बसवून आणली. आई उमाबाई हरखून गेली. लेक डोळ्यांपुढं येणार म्हटल्यावर कुठली आई हरखत नाही?

कुरापत काढली नांदेडच्या व्याह्यानं. ईश्वरप्पा ओटीभरणाच्या जेवणाला आला आणि पाटावर बसल्या बसल्याच सुरू झाला. माझ्या पोराच्या देशात बाळंतपणाला दमडी लागत नाही, नर्स घरी येऊन बाळ बघते, अन् ते सोडून तुम्ही पोरीला या दुष्काळात आणलीत, म्हणाला. सिद्रामप्पाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फुकटाचं कौतुक आम्हाला सांगू नका, तिथं साध्या ऑपरेशनला लोक वर्ष वर्ष ताटकळतात, इथं पैसा मोजला की डॉक्टर दारात, असं त्यानं ऐकवलं. मग व्याह्याच्या धाकट्या पोराची अमेरिका निघाली. यंत्रं तिथली एक नंबर, पण विमा नसला तर बाळंतिणीला घर विकावं लागतं, यावर मात्र दोघांचं एकमत झालं. लेकाचे बसल्या जागी उंटावरून शेळ्या हाकत होते! जिच्या पोटात कळा उठायच्या ती गिरिजा समोर भात चिवडत होती. तिला कुणी एका शब्दानं विचारलं? नाव नको.

"आमचं लातूर आता जिल्हा झालंय," सिद्रामप्पा म्हणाला. "आमची लेक तुमच्या नांदेडलाबी येणार न्हाई अन् लंडनलाबी जाणार न्हाई."

ठरलं. बाजारातला त्याचा दोस्त मडिवाळप्पा, त्याच्या डॉक्टर मुलानं गावात नवं प्रसूतिगृह काढलं होतं. फरशी अशी की तोंड बघून घ्यावं. नळ तेवढे कोरडे, सगळा कारभार टँकरवर. दुष्काळाचं दुसरं वर्ष, गावात प्यायलाच पाणी नाही तर नळाला कुठून येणार?

कळा पहाटे सुरू झाल्या. दुपार कलली तरी बाळ खाली सरकेना. डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आला. पोट उघडावं लागेल, पण आज टँकर आला नाही, हात धुवायला अन् हत्यारं उकळायला पाणी नाही, असं त्यानं सांगितलं. लातूरलाही टँकरच, नांदेडला गोदावरी आहे, तिकडं न्या म्हणाला.

सिद्रामप्पा म्हणाला, जरा थांबू, टँकर येईल. त्या ईश्वरप्पाच्या गावात काय तोंड दाखवू?

"तोंड झाकून बसा," उमाबाई म्हणाली. "जीप आणा."

एवढ्या वर्षांच्या संसारात ती नवऱ्याला असं कधी बोलली नव्हती. पण दार लावलेल्या खोलीतून पोरीचं विव्हळणं ऐकू येत होतं, आणि हा माणूस आपलं नाक सांभाळत उभा होता. त्या घडीला तिला त्याची शिसारी आली.

नांदेडला सरकारी दवाखान्यात पोचेतो दिवस मावळला. डॉक्टरीणबाईंनी एक मिनिट दवडलं नाही. पोरगी वाचली. बाळ गेलं. मुलगा होता.

निरोप ऐकून ईश्वरप्पा धावत आला. दोन घटका तरी गप्प बसावं की नाही? तिथंच, व्हरांड्यात, लीस्टरला असती तर आज नातू मांडीवर असता, म्हणून तो सिद्रामप्पावर तुटून पडला. सिद्रामप्पा तरी कसला ऐकतोय! त्यानं पुन्हा इंग्लंडातल्या रांगा काढल्या. मेलेल्या लेकराला पुढं करून दोघं देश तोलत होते. आग लागो त्या जिभांना.

उमाबाई त्यांना ओलांडून आत गेली. गिरिजाचा चेहरा पांढराफटक पडला होता. उमाबाईनं तिच्या केसांवरून हात फिरवला, म्हणाली, जरा बरं वाटलं की घरी नेते बाई तुला.

"अव्वा, मला लीस्टरला पाठव," गिरिजा म्हणाली. हात तिनं बाजूला सारला. "अन् परत कधी माहेरी बोलवू नको."

"न्हाई बोलवणार," उमाबाई म्हणाली.