बिद्रीचं झाकण आणि न चावणारा गारा

मित्रांनो, मी एक जुनं झाकण आहे. दुधाच्या कॅनचं, ॲल्युमिनियमचं. झाकण म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. भर कोल्हापुरात माझ्या अंगाला गुलाल लागलाय, आणि तो काही उगाच लागलेला नाही.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यातला. प्रेसखाली एक दणका बसला आणि मला आकार आला. तिथून मी बिद्री गावात चिमणाबाईंच्या गोठ्यात गेलो. त्या सकाळी डेअरीत दूध घालायला निघाल्या, की कॅन त्यांच्या डोक्यावर आणि मी कॅनच्या तोंडावर ऐटीत. "झाकान असावं तर असं. येक थेंब सांडत न्हाय," असं त्या चारचौघींत सांगायच्या. मी फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

पुढं स्टीलचे कॅन आले. आमच्या कॅनमध्ये गोठ्याला लावायचा चुना भिजवला गेला आणि तसाच राहिला. ओला चुना ॲल्युमिनियमला कुरतडतो, मित्रांनो. कॅनच्या बुडाला भोकं पडली. मी खुंटीला टांगलेला होतो, म्हणून वाचलो. पण कॅनच उरला नाही म्हटल्यावर झाकणाला कोण विचारतो? दोघांची रवानगी भंगारात झाली. त्या ढिगात मला फार वाईट वाटायचं.

तिथून आम्हाला उचललं अझीमनं. तो आधी फौंड्रीत साचे भरायचा आणि आता एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संयोगिता मॅडमच्या हाताखाली होता. मॅडमचं काम जोखमीचं. अणुभट्टीत वापरलेल्या धातूचे तुकडे किरणोत्सारी होतात. ते पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवावे लागतात, म्हणून सिमेंटसारख्या गाऱ्यात गाडतात. पण नेहमीच्या सिमेंटचा स्वभाव चुन्याचाच. आत ॲल्युमिनियम सापडलं की ते त्याला खातं, वायू सुटतो, ठोकळा फुगतो आणि तडकतो. मॅडमना धातूला न चावणारा गारा हवा होता. प्रयोगाला मात्र आमच्यासारखं साधं, निरुपद्रवी भंगारच वापरायचे.

आधी कॅनचा उरलेला पत्रा नेहमीच्या सिमेंटमध्ये गाडून पाहिला. ठोकळा फुगून उभा चिरला. मग मॅडमनी स्वतः बनवलेला गाराही फसला. तपासणीला आलेले साहेब स्पष्टच बोलले, "पुढचा ठोकळा फुटला, तर हे काम इथं बंद." मॅडमना त्या दिवशी जेवण गेलं नाही. सगळी उमेदीची वर्षं त्यांनी याच कामात घातली होती.

त्या पुढच्या ठोकळ्यात नंबर माझा होता. नवा गारा होता मॅग्नेशियाची भुकटी आणि उसाच्या खतात असतं तसलं फॉस्फेट यांचा. मला साच्यात बसवलं, वरून गारा ओतला, वायू मोजायची नळी जोडली. आणि बघता बघता नळीत बुडबुडे!

मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "संपलं, अझीम. हा पण गेला. दे टाकून."

अहो, मला आत काही म्हणजे काही चावत नव्हतं! पण गाऱ्यात तोंड बुडाल्यावर ओरडणार कसा? माझा जीव नुसता कासावीस झाला.

अझीम मान खाली घालून उभा. "म्याडम, रागावणार न्हाईसा तर सांगतो."

"काय केलंस?"

"झाकान लई काळं पडलंतं. सायब लोक बघणार म्हणून मी धुण्याच्या सोड्यानं घासलं. आमची अम्मी पावणं येणार म्हटल्यावर भांडी अशीच घासती. धुतलंतं, पर कडंच्या दुमडीत सोडा ऱ्हायला असंल की."

मॅडम ताडकन उठल्या. हा गारा ओला असताना आंबट असतो, आणि आंबटात सोडा पडला की फसफसणारच. त्यांनी नळीचं तोंड चुन्याच्या निवळीत बुडवलं. धातू कुरतडून निघालेला वायू असता, तर निवळी तशीच राहिली असती. पण ती दुधासारखी पांढरी झाली, म्हणजे वायू सोड्याचाच होता! ज्या चुन्यानं माझा कॅन खाल्ला, त्यानंच माझ्या बाजूनं साक्ष दिली. हळूहळू बुडबुडेही थांबले.

"इथनं पुढं काय बी घासायचं झालं तर आधी विचारायचं," मॅडम त्याच्याच बोलीत म्हणाल्या. पण हसत म्हणाल्या.

पावसाळा गेला, ऊस तोडीला आला. नळी गप्प ती गप्पच. साहेब आले आणि सगळ्यांसमोर करवतीनं ठोकळा कापला. माझेही दोन तुकडे झाले, पण ठोकळ्याला ना फुगवटा, ना चीर. आत मी चकचकीत! साहेबांनी माझ्यावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं नाही हे बघितलं आणि म्हणाले, "काम चालू ठेवा. आता मोठ्या पिंपात करून बघू." मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

अझीम खिशात पुडी घेऊनच आला होता. "म्याडम, गुलाल लावू का? आधी इचारतोय."

"वजन झालंय, फोटो झालेत. लाव. दोन्ही तुकड्यांना लाव."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. टाकलेली वस्तू डोळ्याआड झाली म्हणजे आपण सुटलो, असं समजू नका. जिथं ठेवाल तिथं तिला काही चावणार नाही ना, तेवढं बघा. आणि कधी बिद्रीला गेलात, तर चिमणाबाईंना माझा निरोप द्या. म्हणावं, तुमचं झाकण आता न चावणाऱ्या गाऱ्याच्या पोटात आहे, आणि थेंब काय, वायूचा बुडबुडाही सांडू देत नाही.