काठावरचा देश आणि ट्रेफ्रीबाईचं पानी

टॅबिथा ट्रेफ्रीच्या थोरल्याला, अँब्रोजला, इंग्रजांनी भर समुद्रात जहाजावरून उचलून नेलं, ते एका शब्दापायी. फ्रेंचांशी लढायला त्यांना माणसं कमी पडत होती. त्यांच्या कप्तानानं दरडावलं, "पाणी म्हण." अँब्रोज म्हणाला, "पानी." झालं! "हा तर आमच्या इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचाच," म्हणत घेऊन गेला. अमेरिकेत त्याच्या मार्बलहेड गावची अख्खी कोळीवस्ती असंच बोलते, हे त्या मेल्याला कोण सांगणार?

टॅबिथा तरातरा बंदराच्या कचेरीत गेली. साहेब बोस्टनचा, जिभेला इस्त्री केलेला.

"बाई, आपला देश अजून लहान आहे. परक्यांच्या लढाईत आपण तटस्थ. इंग्रजांशी भांडण नाही, फ्रेंचांशीही नाही."

"तटस्थ म्हंजी काय वो?"

"कुणाचीच बाजू घ्यायची नाही. काठावर उभं राहायचं."

"काठावर तुमी ऱ्हावा की! पान्यात माजा ल्योक हाय!"

साहेबानं चमकून वर पाहिलं. "तुम्ही इंग्लंडहून कधी आलात, बाई?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माजा नवरा इंग्रजाच्या तोफंपुढं हुबा व्हता, तवा तुमी दुपट्यात व्हता, सायेब!"

साहेबाचं आपलं तेच: वर कळवलंय, धीर धरा.

धीर कसला कपाळाचा! धाकटा पेलेग दुसऱ्या दिवशी खारवलेले मासे घेऊन स्पेनला निघायचा होता. न जाऊन चूल पेटणार नव्हती. घरी येताच तिनं त्याला समोर बसवलं.

"म्हन, पा...णी."

"पानी."

"जीभ टाळूला लाव, टोनग्या!"

"आय, ही बोली सोडली तर जीभ हासडीन म्हनायचीस की तू!"

"तवा म्हनत व्हते. आता म्हन!"

दिवे लागेस्तोवर घोकंपट्टी चालली. शेवटी घशात काटा अडकल्यागत त्यानं 'पाणी' काढलं, तेव्हा कुठं तिनं ताट वाढलं.

सकाळी गलबत सुटलं. पेलेगनं डेकवरून टोपी हलवली, आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला, "आय, घोर नगं करू! पानी शांत हाय!"

टॅबिथा धावत पार कडेला गेली. "मुडद्या, काल काय शिकवलं? पानी न्हाई रं, पानी! पानी!"

त्या घाईत तिच्या जिभेला दुसरं काही येईना. गलबत लांब गेलं, आणि ती राहिली उभी, काठावर.